मन शांत होईपर्यंत अर्ज थांबवू नका

पत्र : ‘जयभीम. मी ३१ वर्षांची, कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. दीड वर्षापूर्वी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तेव्हापासून रोज बसते. आमच्या वस्तीच्या शेतांकडे आणि पुढे स्मशानभूमीकडे जाणारी पाणंद डिसेंबरात एका बागायतदाराने चर खणून, काटे टाकून बंद केली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी विषय काढला. मागून एकजण जातीवरून बोलला, माझा तोल गेला, आरडाओरडा झाला आणि सभा तहकूब झाली. आता संघटनेतले म्हणतात, डोळे मिटून बसणाऱ्यांनी चळवळीत येऊ नये. साधना करणारे म्हणतात, आंदोलन म्हणजे द्वेष; वाट्याला आलं ते पूर्वकर्म, समतेनं बघ. मला झोप लागत नाही. रागानं लढणं धम्माच्या विरुद्ध आहे का? मन शांत होईपर्यंत यातून बाजूला व्हावं का?’

ताई, जयभीम.

सगळ्यात आधी तारीख बघा. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. डिसेंबर धरला तर जूनमध्ये मुदत संपते. ‘मन शांत झालं की बघू’ म्हणून तुम्ही पावसाळ्यापर्यंत थांबलात तर मन शांत होईल की नाही सांगता येत नाही. मुदत मात्र नक्की जाईल. म्हणून आत्ता बाजूला होऊ नका. ध्यानाची बैठक आणि अर्ज, दोन्ही याच आठवड्यात चालू ठेवायचे.

हा कायदा शेतीच्या वाटांसाठी आहे. म्हणून अर्जदार म्हणून संघटनेचं नाव घालू नका; त्या पाणंदीनं ज्यांची बैलगाडी किंवा ट्रॅक्टर शेतात जातो अशा वस्तीतल्याच दोन-तीन खातेदारांच्या सह्या घ्या. सोबत त्यांचे सातबारे, गाव नकाशाची प्रत, वाट कधी आणि कशी अडवली याचा दिवस, चराचे आणि काट्यांचे तारखेसह फोटो, लगतच्या शेतकऱ्यांची नावं. नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर ही पाणंद तुटक रेषांनी दाखवलेली असेल तर तुमची बाजू फार भक्कम होते, आणि मग नकाशावरच्या रस्त्यावरचं अतिक्रमण काढा असा वेगळा अर्जही तहसीलदारांना देता येतो. स्थळपाहणीला अधिकारी येतील त्या दिवशी वस्तीतली जुनी माणसं हजर ठेवा, ज्यांना तिथून गाड्या आणि तिरड्या गेलेल्या आठवतात.

इथे नेहमी होणारी एक चूक सांगतो. कुणीतरी जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ चा छापील अर्ज आणून देतं. ते कलम बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी आहे. तुम्ही नवा रस्ता मागितलात की जुना नव्हताच असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. तो अर्ज भरू नका.

आता पूर्वकर्माचं. तुम्हाला समता शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण हे बुद्धाचं म्हणणं नाही. संयुत्त निकाय या पाली सुत्तांच्या संग्रहात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे घर सोडून फिरणारा साधक, बुद्धाला हेच विचारतो : माणसाला जे जे सुखदुःख भोगावं लागतं ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळे, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध उत्तरात आठ कारणं मोजतो. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा बिघाड, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. आठातलं एक. ‘सगळं पूर्वकर्मच’ म्हणणारे स्वतःला कळलेल्याच्या आणि जगाला दिसणाऱ्याच्या पलीकडे जातात, असं तो स्पष्ट सांगतो. पाणंदीत खणलेला चर हा बाहेरचा आघात आहे. तो ज्यानं खणला त्याचं नाव गावाला माहीत आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात हा प्रश्न टाळलेला नाही. गरिबांच्या आणि दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजानं आणि राज्यानं झटकावी, एवढाच या पूर्वकर्माच्या सिद्धांताचा उपयोग होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकीकत आहे ती तुम्ही या आठवड्यात परत वाचा. कृष्णा-कोयनेच्या काठच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही, कारण भांडण पाण्याच्या पाळीचं आहे. रोहिणी नदीचं पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात मारामारी होते. शाक्य संघाची सभा भरते, सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ आठ वर्षांपासून संघाचा सभासद आहे. तो उठतो, विरोध करतो, आणि विरोधासोबत लेखी ठरावात बसेल अशी सूचना देतो : आपले दोन माणसं, कोलियांचे दोन, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा. मतदान होतं. तो हरतो. पुढे सैन्यात नाव घालायला नकार देतो तेव्हा संघ त्याला घरच्यांवर बहिष्कार आणि शेतजमीन जप्तीची भीती घालतो, आणि घरादाराला झळ नको म्हणून तो स्वतः परिव्रज्या पत्करतो. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीत ध्यानाला बसण्याआधी सिद्धार्थ भर सभेत उभा राहिला होता. तुमच्या दोन्हीकडच्या मित्रांनी हे प्रकरण एकत्र बसून वाचलं तर अर्धा वाद तिथेच मिटेल.

संघटनेतल्या मित्रांना दुसरी गोष्ट दाखवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत अकरावी अष्टांगिक मार्गाची आहे. त्यात सम्यक वाचा आहे तशी सम्यक स्मृती आणि सम्यक समाधीही आहे. ती गाळून उरलेली प्रतिज्ञा घेता येत नाही. पण हे त्यांना व्हॉट्सॲपवर लिहू नका. समोरासमोर, चहाच्या वेळी बोला.

समता म्हणजे उपेक्खा. विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या जुन्या पाली ग्रंथात बुद्धघोषानं प्रत्येक ब्रह्मविहाराचा (मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्खा या चार मनोभावांचा) एक जवळचा शत्रू सांगितला आहे : दिसायला सारखा, आतून उलटा. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती. करुणेचा शोक. आणि उपेक्खेचा जवळचा शत्रू अज्ञानातून आलेली बेफिकिरी. ‘होईल ते होईल’ ही उपेक्खा नव्हे, हा तो शत्रू. ओळखायची खूण सोपी आहे. उपेक्खा असेल तर तुम्ही अर्ज देता, पोच घेता, पुढच्या तारखेला जाता, आणि निकाल विरुद्ध गेला तरी तुमचं मन मोडून पडत नाही. बेफिकिरी असेल तर पोच घ्यायची राहून जाते. तुम्ही मनानं थकला आहात, त्यामुळे ही बेफिकिरी शांततेचं रूप घेऊन तुमच्याकडे येईल. सावध राहा.

रागाबद्दल तुम्ही नेमकं विचारलं आहे, तर नेमकंच सांगतो. अन्याय दिसणं वेगळं आणि व्यापाद वेगळा. ‘वाट अडवली, ती मोकळी झाली पाहिजे’ हे ज्ञान आहे. ते सोडायचं नाही. ‘त्याचं वाटोळं व्हावं’ हा व्यापाद. पाच नीवरणांपैकी, म्हणजे मनाला झाकणाऱ्या अडथळ्यांपैकी, तो एक आहे आणि तो तुमचाच घात करतो. विसुद्धिमग्गातच उपमा आहे : दुसऱ्याला मारायला हातात निखारा उचलणारा आधी स्वतःचा हात भाजून घेतो. २६ जानेवारीला हेच झालं. ज्यानं जातीवरून शब्द टाकला त्याला विषय ठरावापर्यंत जाऊ द्यायचा नव्हता. तुमचा आवाज चढला, सभा तहकूब झाली, इतिवृत्तात पाणंद आलीच नाही. चूक बोलणाऱ्याची, हे शंभर टक्के खरं. पण नुकसान तुमच्या वस्तीचं झालं, आणि पुन्हा तसंच करून बघायचा मोह त्यांना होणार.

बैठकीत थोडा बदल करा. सध्या पहाटे आणि रात्री मिळून तासभर तरी बसत असाल. झोप उडालेली असताना रात्रीची लांब बैठक नको. डोळे मिटले की ग्रामसभाच सुरू होते. रात्री बसण्याऐवजी १५ मिनिटं चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करा. अंगणात किंवा विहाराच्या ओट्यावर १५-२० पावलांची सरळ रेघ, पाऊल उचललं, पुढे गेलं, टेकलं, एवढंच. टोकाला थांबायचं, वळायचं, पुन्हा चालायचं. चपला काढून चाललात तर लक्ष तळव्यात राहायला मदत होते.

सकाळी ४० मिनिटं पुरे. पहिली २५ मिनिटं आनापान, शिबिरात शिकलात तसंच, नाकपुड्यांशी नैसर्गिक श्वास. तिथे श्वास मोजायला सांगत नाहीत, म्हणून आता मोजणी मध्येच घालू नका. दोन पद्धतींची भेसळ केली की मन कुठेच टिकत नाही. तुमच्या मंडळात ज्यांनी कुठेच शिबिर केलेलं नाही त्यांना मात्र मोजणी द्या. बाहेर पडणाऱ्या श्वासाला एक, दोन, असं पाचाच्या आत थांबायचं नाही आणि दहाच्या पुढे जायचं नाही. पाचाच्या आत मन कोंडतं, दहाच्या पुढे ते आकड्यांच्याच मागे लागतं.

उरलेली १५ मिनिटं मैत्रीभावना, म्हणजे एकेका माणसाचं मनापासून भलं चिंतणं. इथे बहुतेक कार्यकर्ते घसरतात. त्यांना वाटतं, खरी परीक्षा विरोधकाची, म्हणून पहिल्याच दिवशी बागायतदाराला डोळ्यांसमोर आणतात. पाच मिनिटांत दात आवळले जातात, मग स्वतःचीच लाज वाटते आणि मैत्री सुटते ती कायमची. क्रम ठरलेला आहे : आधी स्वतः, मग ज्यांच्याबद्दल आदर आहे असं जिवंत माणूस, मग जवळची मैत्रीण, मग ना आवडती ना नावडती अशी व्यक्ती, म्हणजे एसटीचा रोजचा कंडक्टर किंवा रेशन दुकानातला मुलगा, आणि सर्वांत शेवटी वैरी. मृत व्यक्ती घ्यायची नाही, मग ती कितीही प्रिय असो. त्यातून मैत्री येत नाही, शोक येतो. पहिले दोन आठवडे फक्त स्वतः आणि आदरणीय व्यक्ती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मैत्रीण आणि तटस्थ माणूस. पाचव्या आठवड्यात बागायतदार, तोही शेवटची तीन मिनिटं. अंग तापलं, जबडा आवळला की लगेच मैत्रिणीकडे परत या. ही माघार पद्धतीतच सांगितलेली आहे. त्याच्यासाठी शब्द असे ठेवा : ‘तुझा द्वेष निवो, तुझी भीती जावो, तुझ्या हातून अन्याय न घडो.’ ‘तुझं म्हणणं खरं होवो’ असं मैत्री म्हणत नाही. त्याच्या हातून चर बुजला जाणं हे त्याच्याही हिताचं आहे, एवढं मनाला पटलं की मैत्री आणि दावा एकमेकांच्या आड येत नाहीत.

पुढची ग्रामसभा १ मे ला येईल. तिची तयारी एप्रिलच्या सुरुवातीलाच हवी. विषय ‘ऐनवेळच्या विषयां’त काढायचा नाही, किमान पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीला लेखी द्या आणि आवक क्रमांक, तारीख, शिक्का असलेली पोच घ्या. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. ती कागदावरच उरकली जाऊ नये म्हणून वस्तीतल्या आणि गावातल्याही बायकांनी तिथे हजर राहून पाणंदीचा ठराव करून घ्यावा. पावसाळ्यात तिरडी चिखलातून न्यावी लागते हे इतर आळ्यांतल्या बायकांना न सांगता कळतं. तिथे तुम्हाला जेवढा पाठिंबा मिळेल तेवढा पुरुषांच्या सभेत मिळणार नाही. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. वस्तीतून ४० जण आले तरी संख्येचा मोठा भाग तुमचा असतो.

ठराव घरून लिहून न्या. चार ओळी : पाणंदीचं नाव किंवा गट क्रमांक, कोणत्या तारखेपासून बंद, ती खुली करण्यासाठी ग्रामपंचायतीनं तहसीलदारांकडे शिफारस करावी, आणि किती दिवसांत. सूचक आणि अनुमोदक आधी ठरवा. त्यातला एक वस्तीबाहेरचा मिळाला तर उत्तम. मांडायला दोन मिनिटं, कागद हातात. तुमच्याशिवाय दुसरी वक्ता तयार ठेवा, आणि दोघींत एक खूण ठरवा. तुमचे कान गरम झाले, आवाज चढायला लागला की तुम्ही कागद तिच्या हातात द्यायचा आणि खाली बसायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, श्वास आत घेतला त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडत. तिनं तीच ओळ पुढे वाचायची. जातीवरून शब्द आलाच तर उत्तर द्यायचं नाही. तिसऱ्या व्यक्तीनं तो शब्द, बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि शेजारी कोण होतं ते तिथल्या तिथे लिहून घ्यायचं. सभा संपल्यावर इतिवृत्ताची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

२६ जानेवारीच्या शब्दाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. कदाचित साधनेत ‘सोडून द्यायचं’ असं ठरवलं असेल. तुमची क्षमा तुमच्यापाशी ठेवा, पण तक्रार करणं म्हणजे द्वेष असं धम्मात कुठेही नाही. भिक्खुसंघातही एकानं दुसऱ्याचा दोष दाखवायची रीत होती आणि अंगुत्तर निकायात तिच्या पाच अटी दिल्या आहेत : योग्य वेळी बोलेन, खरं बोलेन, मृदू बोलेन, हिताचं बोलेन, मैत्रीचित्तानं बोलेन. दोष दाखवू नका अशी अट त्यात नाही. पोलिसांत द्यायच्या तक्रारीलाही या पाच अटी चालतात, आणि ‘खरं’ ही सर्वांत महत्त्वाची. जेवढं ऐकलं तेवढंच, त्याच शब्दांत. एक वाक्य पदरचं घातलं तर शीलही मोडतं आणि उलटतपासणीत खटलाही.

ही तक्रार १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली करायची. बौद्धांना तो लागू होत नाही असं तुम्हाला कुणी सांगेल. ते चूक आहे, १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मानं बौद्ध असलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला जोडा. तक्रारीत दोघांची जात, बोलणारा अनुसूचित जाती-जमातीचा नाही ही गोष्ट, नेमके शब्द, ग्रामसभेसारखी लोकांसमोरची जागा, साक्षीदार, आणि इतके दिवस उशीर का झाला हे लिहा. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं २०१८ च्या दुरुस्तीतलं कलम १८-अ सांगतं. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार नोंदणीकृत टपालानं पोलीस अधीक्षक, सातारा यांना पाठवा. १४५६६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी याच कामासाठी आहे. अनुसूचित जातीच्या माणसांना स्मशानभूमीचा किंवा सार्वजनिक वाटेचा वापर करू न देणं हाही या कायद्याखाली गुन्हा आहे, पण चर जातीच्या कारणानं खणला की ऊस वाढवायला, हे आधी पुराव्यानं तपासा. शेजारच्या मराठा शेतकऱ्याचीही वाट बंद झाली असेल तर तो तुमचा साक्षीदार आहे. त्याला गमावू नका.

त्यावरूनच आणखी एक. तुमच्या बैठकांना मातंग, धनगर, मराठा मंडळी येणार असतील तर सुरुवातीला त्रिसरण-पंचशील सगळ्यांकडून म्हणवून घेऊ नका. विहारात वंदना, पाणंदीच्या बैठकीत संविधानाची उद्देशिका आणि दोन मिनिटं शांत बसणं. ध्यान कुणावर लादलं की ते चळवळीतल्या भांडणाचा नवा विषय होतं.

जूनपर्यंत पुन्हा दहा दिवसांच्या शिबिराला नाव घालायचा विचार असेल तर सुनावणीची तारीख बघूनच. तिथे फोन जमा होतो. कागदांची फाइल, पोचपावत्या आणि तारखांची वही आधी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या, आणि शिबिर संपल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी मोर्चा ठेवू नका. दहा दिवसांनी मन फार हळवं झालेलं असतं.

झोप मात्र हलक्यात घेऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नसेल, सभेचा प्रसंग सारखा डोळ्यांसमोर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला; तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ध्यान हा त्यावरचा औषधोपचार नाही. डोळे मिटल्यावर भीती वाढत असेल तर डोळे उघडे ठेवून चंक्रमणच करा.

सोमवारी सकाळी आधी नकाशाचा अर्ज द्या. प्रत मिळायला वेळ लागतो आणि तहसीलदारांकडचा बाकी सगळा कागद तिच्यावर अडलेला असतो.